दुर्गाबाईंचा दगड

"आजपासून कापूस याच दगडानं मोजायचा," काकासाहेबांनी मणाचा नवा दगड स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवला. "मणामागं दोन शेर जास्तीचा हाय. तोंडातून ब्र काढलास, तर या पेठेत तुला कुणी उभं करणार न्हाई."

बोलता बोलता त्यांनी आतल्या दाराकडं बघून घेतलं. आत सासूबाई बसल्या होत्या. मस्तगड पेठेतलं हे दुकान दुर्गाबाईंचं, हुकूम दुर्गाबाईंचा, दगडही त्यांनीच मुद्दाम घडवून आणलेला. काकासाहेब पडले घरजावई.

रायभान मापाड्यानं "जी मालक" म्हणून मान हलवली. दुसरं करणार काय? आधीचा मापाडी भुजंग एकदा खरं बोलला, तो आता सडकेवर खडी फोडत होता. पण रायभानला ते पटेना. कापूस आणणारे सगळे घनसावंगीकडचे, त्यातले निम्मे त्याचे सोयरे. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर रामराम घालायचा?

बाजारातले मापाडी दगडाच्या पारड्याला गुपचूप अंगठा लावून शेतकऱ्याला बुडवायचे. रायभाननं तोच अंगठा उलटा चालवला. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत. "लाभ, दोन, तीन" असं खड्या आवाजात मोजताना तो कापसाच्या पारड्याची दोरी अंगठ्यानं हळूच खाली ओढायचा. बरोबर दोन शेराचा भार! दगडाचं पाप अंगठ्यानं फेडलं, म्हणून गडी खूश.

मंग काय विचारता, त्या सुगीत नुसती चंगळ झाली. गाड्यांची रांग वेशीपर्यंत जायची. तीर्थपुरीचे धुळाजी तर शपथेवर सांगायचे, घरी मोजलेला कापूस या काट्यावर येऊन वाढतो. रायभानला हसू यायचं. बिचाऱ्यांना खरं माप बघायची सवयच राहिली न्हाई! येता-जाता लोक त्याला ऊस द्यायचे, हुरडा द्यायचे. बायको सखूबाई म्हणायची, धनी, औंदा तुम्ही झोपेतसुद्धा हसता.

सुगी सरली. सरकी काढायच्या जिनात नेऊन मोजला तर कापूस कमी भरला. दुर्गाबाईंनी जावयाची भर दुकानात हजेरी घेतली. काकासाहेब पडेल चेहऱ्यानं बाहेर आले आणि रायभानला वखारीत घेऊन गेले. रायभान समजला, आता आपली खडी फोडायची पाळी.

"मालक, काढायचं तर काढा," तो म्हणाला. एवढं बोलला आणि त्याची छाती हलकी झाली. "दगड लोकांना बुडवून राह्यला होता. मी अंगठ्यानं भरपाई करीत गेलो. रोज, दर मापाला."

काकासाहेब बघतच राहिले. मंग त्यांनी वखारीचं दार लावून घेतलं. हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे येड्या, सासूबाईंच्या भ्यानं मी नुसता बोललो. पारड्यात ठेवला तो खऱ्या मणाचाच दगड होता!"