अकराची मुलाखत

तृप्तीनं कॉम्प्युटरचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. पंखा घरघरला, कंपनीचं चिन्ह आलं आणि पडदा पुन्हा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत बसली.

साडेनऊ वाजले होते. अकराला तृप्तीची मुलाखत. पुण्याच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे, तेही इथं अंकुशनगरात घरी बसून. मोबाइल चालणार नाही, चाचणी कॉम्प्युटरवरच द्यायची, असं त्यांनी बजावलं होतं. काल संध्याकाळपर्यंत तिनं विंडोजऐवजी टाकलेलं लिनक्स मस्त चालत होतं.

"पडलं का बंद?" सासू स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या डबड्यापायी चूल थंडी करून राह्यली ही."

"आई, तू गप बस," कल्याण म्हणाला. तिचा नवरा. सकाळपासून तोच एकटा तिच्या बाजूनं धावपळ करत होता. वायरी काढून परत लावल्या, मित्राला फोन केला, चहासुद्धा त्यानंच आणून दिला. "आपोआप अपडेट आलं असंल. ह्या कंपन्यांला काय पडलंय कुणाचं! तू टेन्शन घेऊ नको. आज न्हाई झालं तर मंग पुढल्या वेळी."

पुढल्या वेळी! पाच वर्षं हेच चाललं होतं. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली बाई भाकरी थापते, आणि सगळी कॉलनी तिलाच सांगते, नशीब काढलंस, नवरा समजूतदार मिळाला.

ती कॉम्प्युटरच्या दुरुस्तीच्या, रिकव्हरी मोडमध्ये शिरली. मोबाइलवर उत्तर शोधलं. हाच प्रश्न कुणीतरी सहा वर्षांपूर्वी विचारला होता आणि खाली एका शहाण्यानं लिहिलं होतं, आधी नीट शोधा. तिनं त्याला मोठ्यानं शिवी दिली. दोनदा कमांड चुकली. दहा वाजून वीस मिनिटांनी एकदाचं सापडलं. पडद्यावर चित्र उमटवणारा नवा प्रोग्रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर, बसला होता, तिच्या जुन्या कार्डाला न झेपणारा. तिनं तो उपटला आणि मशीन परत चालू केलं.

पडदा उजळला.

"झालं?" कल्याणनं विचारलं.

ती थांबली नाही. ड्रायव्हर आला कुठून हे कळायलाच हवं होतं, नाहीतर मुलाखत चालू असतानाच परत सगळं काळं व्हायचं. काय टाकलं, कधी टाकलं, कुणाच्या खात्यातून टाकलं, याची नोंद लिनक्स ठेवतं. त्या ड्रायव्हरच्या दोन नोंदी निघाल्या. पहिली मार्चमधली, तिचीच. हौसेनं टाकला होता, आणि कल्याणच्या देखत कॉम्प्युटर दोन दिवस आंधळा झाला होता. दुसरी आजची, सकाळी पाच चाळीसची. तेव्हा ती नळावर हंडे भरत होती.

त्या नोंदीपुढचं नाव तिनं दोनदा वाचलं.

"अहो, इथं बसा."

"मुलाखतीत माझं काय काम?"

"बसा म्हणते ना."

अकराला कॅमेरा सुरू झाला. समोरच्या बाईंनी नाव-गाव विचारलं, मग म्हणाल्या, "अलीकडे स्वतः शोधून काढलेला एखादा बिघाड सांगा."

"आजचाच सांगते, मॅडम," तृप्ती म्हणाली. "ग्राफिक्स ड्रायव्हरमुळं मशीन सुरू होत नव्हतं. ड्रायव्हर काढला, नोंद तपासली. चूक माझी आहे. घरातल्या दुसऱ्या खात्याला मी पूर्ण अधिकार दिले होते. नवऱ्याला बायकोपेक्षा कमी अधिकार दिले तर बरं दिसणार नाही, असं वाटलं."

कल्याण उठायला लागला. तिनं त्याच्या मनगटाला धरलं आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा त्याच्याकडं वळवला.

"ड्रायव्हर ह्यांनी टाकला, मॅडम. का टाकला, ते हेच सांगतील."