करवत थांबली तेव्हा

कल्पना करा, तुम्ही लाकडाच्या वखारीत उभे आहात. समोर माणसाच्या दुप्पट उंचीची करवत फिरते आहे आणि तिच्या आवाजात तुमची स्वतःची हाकसुद्धा तुमच्या कानापर्यंत पोचत नाही. आता शेजारच्या माणसाला सांगा बरं, की हात मागे घे. पटकन सांगा, नाहीतर त्याचं बोट जाईल.

त्या सकाळी अशाच एका वखारीत करवत अजून सुरू व्हायची होती. मुनीमजी पेपर वाचत होते.

"जगातली सगळ्यात जुनी भाषा कोणती, यावर पंडितांची जुंपलीय म्हणे."

"त्यात काय जुंपायचं?" फळ्या उचलणारे मामा म्हणाले. "बायकोने डोळे वटारणं. तिथूनच सगळं सुरू झालं."

सगळे हसले. करवत चालवणारा मात्र हसला नाही. फळ्यांच्या ढिगावर त्याची सात वर्षांची मुलगी बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. पण ही चिमणी जन्मापासून ना काही ऐकत होती, ना बोलत होती.

"हिला कशी आणलीस रे आज?" मामांनी विचारलं.

"उद्या हिला अशा मुलांच्या संस्थेत ठेवायला न्यायचंय. लांब आहे. घरी हिची आई बॅग भरत बसलीय, डोळ्याचं पाणी खळत नाही तिच्या. म्हटलं, पोरीसमोर नको. तसं हिला काय कळतंय म्हणा. समजच नाही."

त्याने आपल्या परीने काही कमी केलं नव्हतं. 'हातवारे केलेस तर पोर कधीच तोंड उघडायची नाही,' असं थोरल्या बहिणीने बजावल्यापासून तो घरात हात पाठीशी धरून बोलायचा. एकेक शब्द सावकाश, ओठ ताणून. चिमणी त्याच्या ओठांकडे बघत राहायची. मग कंटाळून भिंतीकडे तोंड करून बसायची.

मुकादमाने भिंतीवरचं बटण दाबून करवत सुरू केली.

बोलणं तुटलं आणि हात उठले. मूठ वर, म्हणजे थांब. अंगठा ओठाला, म्हणजे चहा. तळहातात नख टोचलं, म्हणजे जपून, ओंडक्यात खिळा आहे. पोटावरून हात गोल फिरवला, म्हणजे मुकादम येतोय, कामात दिसा. हे इशारे पहिल्यांदा कोणी केले, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना भाषा म्हणावं, असं तर कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चिमणी ढिगावरून उतरली. ती हात बघत होती. मामांचे, मग दुसऱ्या कोणाचे, मग बापाचे. सगळ्या जगाने आपल्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं आणि आज ते उघड्यावर सापडलं, असा तिचा चेहरा झाला होता.

थोड्या वेळाने मुकादम पोट सांभाळत पलीकडून गेला. चिमणीने मामांचा शर्ट ओढला. आधी पोटावरून हात गोल फिरवला, मग तळहातात नख टोचलं.

मामा बघतच राहिले. हे दोन इशारे वखारीत कधी कोणी एकापुढे एक ठेवले नव्हते. मुकादम म्हणजे लाकडातला खिळा. अर्थ लक्षात आला तसे ते इतके हसले, की हातातली फळी खाली ठेवावी लागली.

बापानेही ते पाहिलं. समज नसलेल्या पोरीने थट्टा केली होती.

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्याने अंगठा ओठाला लावला. चहा हवा? तिने मान हलवून नको म्हटलं. मग खांद्यापासून कमरेपर्यंत हवेतच एक लांब वेणी काढली. एवढी लांब वेणी घरात एकीचीच होती. मग एक बोट डोळ्याखालून गालावर ओढलं. आणि शेवटी तिची इवलीशी मूठ वर गेली.

आई. रडते. थांब.

समोर नसलेल्या आईबद्दल, सकाळी घरी घडलेल्या गोष्टीबद्दल ती त्याच्याशी बोलत होती. म्हणजे बॅग कोणाची भरली जातेय, हेही तिला ठाऊक होतं. आणि हे कळणं काही आजचं नसणार. मुनीमजींचा पेपर भुशात पडला होता. भाषा कशी जन्माला येते, ते त्या पेपरापासून दोन हातांवर घडत होतं आणि बघायला एकही पंडित नव्हता.

इतक्यात जेवणाची वेळ झाली. मुकादमाने करवत बंद केली.

"मामा, हिला कळतं हो," बाप म्हणाला. "सगळं कळतं हिला."

"आता उजाडलं होय तुझ्याकडे? अरे, ती मुकादमाला एका दमात ओळखून बसली. आम्हाला दहा वर्षं लागली."

माणसं भोवती गोळा झाली. सगळी एकदम बोलू लागली, तोंडांनी. मुनीमजी बोलत होते, मामा बोलत होते. बापही चिमणीकडे बघून बोलत होता, 'तुला कुठ्ठे पाठवणार नाही' म्हणून सांगत होता. एकेक शब्द सावकाश, ओठ ताणून. त्याचे हात सवयीने पाठीशी गेले होते.

चिमणीने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मामांच्या हातांकडे, मग बाकीच्यांच्या. सगळे हात खाली लोंबत होते. मग तिने थांबलेल्या करवतीकडे पाहिलं, बराच वेळ.

ती बापाच्या पाठीमागे गेली. तिने त्याचा एक हात सोडवून घेतला, त्याला ओढत भिंतीपाशी नेलं आणि त्याचं बोट करवत सुरू करायच्या बटणावर ठेवलं.