वीजबचत

तळघरातल्या प्रयोगशाळेच्या दारावर ती मुठी आपटत होती. आत नवऱ्याचा फोन वाजत होता, पण दाराच्या काचेपलीकडे मिट्ट काळोख होता.

"सर फोन विसरून गेले असतील, ताई," चाव्यांचा जुडगा बोटात फिरवत रखवालदार म्हणाला. "परवा तर चपला विसरून निघाले होते! वीज वाचवायला विद्यापीठाने नवे दिवे बसवलेत ना, आत माणूस असला की ते आपोआप लागतात. दुपारी फेरीला आलो तेव्हा अंधार दिसला, म्हणून मी कुलूप घातलं."

"आधी दार उघडा!" ती किंचाळली. "ते दिवे मीच बसवून घेतलेत. त्यांना माणूस कळत नाही हो, भाऊ. फक्त हालचाल कळते."