कडी

समुपदेशन करणाऱ्या संस्थेच्या ताईंनी गाड्यांचा आवाज नको म्हणून वैशाखरे गावच्या समाजमंदिराचं दार लोटून कडी घातली आणि म्हणाल्या, "सोनी, डोळे मीट. श्वासाकडे लक्ष दे." कडीचा आवाज कानात होताच, डोळे मिटताच सोनी वीटभट्टीवरच्या खोलीत पोचली. पळून जाऊ नये म्हणून मालकाने तिला तीन दिवस बाहेरून कडी लावून कोंडलं होतं. सुटून आल्यावर झोपडीच्या दाराची ताटीच तिने चुलीत घातली होती. "ताई, दम कोंडतो." चूक कळून ताईंनी दार उघडलं. "डोळे उघड गं. तुझ्या लेकीला कोंडलं असतं, तर तिला काय म्हणाली असतीस?" "तुझी काय चूक नाय गो." "तेच सोनीला सांग." उठून सोनीने स्वतःच दार लावलं, कडी घातली. "सोने," कडीवर हात ठेवून ती स्वतःशीच पुटपुटली, "ही आतून हाय गो."