जीपला थंडी लागली

गुलाबसिंगनं पायाखालचं बटण दाबलं. जीप नुसती 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली.

पुन्हा दाबलं. आता तर टक्सुद्धा नाही.

सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि आठ वाजता जीप पुसदला शेठच्या दारात उभी पाहिजे होती. काल किल्ली देताना शेठनं बजावलं होतं, "एक रात्र ने. घरच्यांना दाखव, मिरव. पण आठला एक मिनिट उशीर झाला, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात." नोकरीला चार दिवस झाले होते, लायसनला अकरा. अख्ख्या तांड्यात स्टिअरिंगला हात लावलेला हा पहिलाच गडी!

"पेट्रोल, पाणी, हवा," त्यानं बोटांवर मोजलं. गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं एवढंच शिकवलं होतं. टाकीत काडी घातली, ती वीतभर ओली निघाली. रेडिएटर काठोकाठ भरलेला. चारही चाकं टणक. सगळं जागच्या जागी आणि जीप तेवढी मेल्यासारखी. हॉर्न दाबला, तर तोही मुका. आता हॉर्नला कुठं पेट्रोल लागतं? गुलाबसिंगला काही उमजेना. पुढून हँडल मारून इंजिन फिरवावं तर हँडल गाडीत नव्हतंच. त्यानं बॉनेट उघडलं आणि आतल्या नळ्या-तारांकडे तो असा बघत राहिला, जणू परक्या गावात रस्ता विचारायचा आहे आणि विचारायला माणूसच नाही.

एव्हाना लिंबाखाली अर्धा तांडा जमला होता. बैलजोडी घेऊन वावराकडे निघालेला त्याचा बाप धरमसिंगही थांबला.

"चारा टाकला का तिले?"

"मस्करी नका करू, बापू."

"मस्करी कायची? बैल बसला तं मी पह्यले त्याचं पोट पायतो. तू सकायपासून तिच्या नाकातच पाहून राह्यला."

तेवढ्यात त्याची याडी, म्हणजे आई सुखीबाई, मीठ-मिरच्या घेऊन आली आणि जीपवरून उतरवून विस्तवात टाकल्या. "काल साऱ्यानं लय पायलं तिले. नजर लागली." मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला. जीपला काही झालं नाही.

धाकटी बहीण जमनी कुंपणावर बसून पाय हलवत होती. "भिया, मी पहाटं पाण्याले गेलती तवा हिचे डोये लाल झालते. बीमार माणसावानी. परत आली, तं मिटले होते."

गुलाबसिंगचा हात आपसूक दिव्यांच्या बटणाकडे गेला. बटण बाहेरच ओढलेलं होतं. कालपासून तसंच.

काल संध्याकाळी त्यानं जीप आणली, तेव्हा याडीनं हळद-कुंकू लावून तिला ओवाळलं होतं. ताटातला दिवा वाऱ्यानं विझला. मग याडी म्हणाली, "पह्यल्या राती लक्ष्मी अंधारात नाही ठेवत. तिचा दिवा तिलेच राहू दे." तांड्यावर विजेचा खांब अजून आला नव्हता. जीपच्या दिव्यांच्या उजेडात म्हाताऱ्यांनीसुद्धा फेर धरला. कोणाला वाटेल विझवावंसं?

आणि आता त्या नळ्या-तारांच्या बाजूला बसलेली काळी पेटी त्याला दिसली. टॉर्चचे सेल उतरतात, तशी ती रात्रभरात उतरली होती. एवढ्या मोठ्या जीपच्या पोटातही सेल असतात, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"बापू, उतारापर्यंत न्या लागते. तिथून सोडली तं सुरू होईल." होईल की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

धरमसिंगनं दोर बांधून बैल पुढं जुंपले. जीप बैलांमागून टेकाडाच्या टोकापर्यंत गेली. दोर सोडताना सुखीबाई हळूच खिडकीशी आली.

"गुलाब, माह्या दिव्यानं तं नाही न झालं हे?"

गुलाबसिंगनं दिव्यांचं बटण आत दाबलं.

"नाही, याडी. पुस महिन्याची थंडी आहे न. थंडी लागली तिले."

धरमसिंगनं मान वर करून पोराकडे पाहिलं आणि पुन्हा दोर गुंडाळू लागला.

"मग आधी काहून नाही सांगतलं?" म्हणत सुखीबाई घराकडे धावली. परत आली ती गोधडी घेऊन. जमनीच्या लग्नासाठी दोन वर्षं शिवत असलेली, आरशांची, कवड्यांची. तिनं ती बॉनेटवर पसरली, चारी टोकं नाड्यांनी करकचून बांधली आणि वरून हात फिरवला. जमनी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. नको म्हणायची गुलाबसिंगला सोयच उरली नव्हती.

पोरांनी जीप ढकलली. ती उतारावर सुटली. त्यानं दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला. जीप खोकली, दचकली आणि धडधडायला लागली.

आता उस्तादाचं एक वाक्य त्याला आठवलं: अशी चालू केलेली गाडी मधे बंद करायची नाही. पण थांबणं आणि बंद करणं एकच की वेगळं? चार दिवसांत हे त्याला उमगलं नव्हतं. म्हणून गोधडी सोडायलाही तो थांबलाच नाही.

पुसदच्या रस्त्यावर गाडीवान बैल बाजूला घेऊन बघत राहिले. शेठला काय सांगावं, हे त्याला अजून सुचत नव्हतं. तेवढ्यात ऊन वर आलं. गोधडीवरचे सगळे आरसे एकदम पेटले, कवडसे काचेतून आत शिरून त्याच्या तोंडावर, हातांवर नाचू लागले. डोळे किलकिले करून, नाकासमोर रस्ता धरून तो गाडी हाकत राहिला.