लसणाच्या लेपाचा गुण

सुनेच्या कोपरावरचा सोरायसिस लसणाच्या लेपाने गेला, तर सासूबाईंना गल्लीत वैद्याचा मान मिळणार होता आणि सुनेला घरात शांतता. सून लेप निमूट लावून घ्यायची, मोरीत धुऊन टाकायची आणि गुपचूप डॉक्टरांचं मलम चोळायची. कोपर लख्ख झालं. "बघा, लेपाचा गुण!" म्हणत सासूबाई येईल त्याला ते दाखवत सुटल्या. आज शेजारीण लेकीला घेऊन आली. लेपापायी पोरीने सोरायसिसचं औषध सोडलं होतं. पाठ सोलवटली होती. "पथ्य मोडलं असणार भवानीने!" सासूबाई पोरीवरच उखडल्या. सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. तिने मलमाची पिळवटलेली ट्यूब समोर आपटली. "तुमचा लेप मी रोज धुऊन टाकायचे!" पोरीने सुनेकडे पाहिलं. "वहिनी, मी 'गुण येतो का' विचारलं, तेव्हा 'हो' का म्हणालात?" मान सासूबाईंचा गेला, शांतता सुनेची; कातडी मात्र पोरीची.