सेवेरिनोचा संयम

"कुणाला काही बोलायचंय?" सेवेरिनोने तिसऱ्यांदा विचारलं. मैदानात बसलेल्या दीडशे माणसांनी पुन्हा माना खाली घातल्या.

बोलिव्हियाच्या पठारावरच्या आमच्या गावात गावप्रमुखाचा शेवटचा दिवस म्हणजे शिव्या खाण्याचा दिवस. गावाने वाट्टेल ते बोलावं, प्रमुखाने मानाची काठी धरून हसतमुखाने ऐकावं. सूर्य मावळेपर्यंत जो चिडला नाही, तो बाजारगावच्या मोठ्या पंचायतीवर जातो. जो चिडला, त्याला तीच काठी आणखी वर्षभर धरावी लागते.

यंदाचा प्रमुख सेवेरिनो. त्याचा त्या मोठ्या पंचायतीवर कधीपासून डोळा होता. त्यापायी वर्षभर त्याने आवाज म्हणून चढवला नाही. वरच्या आळीने कालव्याचं पाणी अडवलं, तेव्हाही तो त्यांना एक शब्द बोलला नाही. खालच्या आळीचा किनोआ वाळून गेला, याचा संयम तेवढा हिरवागार राहिला. शिवाय आपण राग कसा गिळला, हे तो दर बैठकीत तासभर सांगायचा. लोक कोकाची पानं चघळत ऐकायचे. पानं संपायची, सेवेरिनो संपत नसे.

आज तर त्याची जय्यत तयारी होती. कोण काय बोलेल ते त्याने आधीच ताडलं होतं आणि प्रत्येकासाठी वेगळं हसू बायकोसमोर घोटून आणलं होतं. पण बोलेना कुणीच. दुपार कलली. हसून हसून त्याचे गाल दुखायला लागले. ज्याचं सगळं पीक गेलं तो इलारियोसुद्धा टोपीवरची धूळ झटकत बसला होता.

"इलारियो, तू तरी बोल की. पीक गेलं ना तुझं?"

"गेलं," इलारियो म्हणाला. "चालायचंच."

सेवेरिनोचं डोकं सणकलं. "चालायचंच? वर्षभर राग गिळून पित्त झालंय मला, ते काय तुमची ही थोबाडं बघायला? मेंढरं आहात नुसती." आणि त्याने काठी दाणकन जमिनीवर आपटली.

सगळ्या मैदानाने एकदम उसासा टाकला. सूर्य डोंगराच्या वर अजून वीतभर होता. सेवेरिनोची म्हातारी मावशी बासिलिया कपाळाला हात लावून उठली.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "तू एकदाचा बाजारगावी जावास म्हणून महिनाभर घरोघर फिरून एकेकाचं तोंड बंद केलं होतं मी. आता आणखी वर्षभर तू आमच्याच बोकांडी."